गवत कापायच्या जुन्या ट्रॅक्टरचा डेकचा पट्टा कसा बदलावा

शिळफाट्याच्या पलीकडे आमच्या काकांची छोटी आंब्याची बाग आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा एक कारखाना बंद झाला, तेव्हा तिथल्या हिरवळीवर फिरणारा लाल रंगाचा बुटका ट्रॅक्टर काकांनी भंगाराच्या भावात उचलून आणला. अमेरिकेतल्या बागेच्या ट्रॅक्टरांपैकी कब कॅडेट १९६१ मध्ये आला आणि जॉन डिअरचा ११० हा १९६३ मध्ये. त्याच पिढीतलं हे मशीन. पुढे इंजिन, मध्ये पोटाखाली गवत कापायचा डेक (पाती बसवलेलं पत्र्याचं खोकं) आणि इंजिनापासून डेकपर्यंत ताकद पोचवणारा रबरी व्ही-पट्टा. हा पट्टा दर दोन-तीन पावसाळ्यांनी दगा देतो, आणि नेमका जूनच्या अखेरीस, जेव्हा चार सरींत गवत गुडघ्याला लागलेलं असतं.

बदलायचं काम एका सकाळचं आहे. मात्र त्यातला निम्मा वेळ दुकानात बरोबर पट्टा मागण्यात जातो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पट्ट्याचं माप

व्ही-पट्ट्याची दोन मापं लागतात, रुंदी आणि लांबी. रुंदीचं सोपं आहे. आपल्याकडच्या दुकानात ए, बी असे सेक्शन मिळतात. ए म्हणजे वरून १३ मिमी रुंद आणि ८ मिमी जाड, बी म्हणजे १७ मिमी रुंद आणि ११ मिमी जाड. अमेरिकन बागेच्या मशीनवर मात्र ४एल, ५एल असं लिहिलेलं असतं. हा आकडा पाहून गोंधळू नका. आपले सुतार आणि फिटर ज्याला सूत म्हणतात, तेच हे, इंचाचा आठवा भाग. ४एल म्हणजे चार सूत, अर्धा इंच. ५एल म्हणजे पाच सूत आणि वर थोडं. ४एल आणि ए एकाच खाचेत बसतात, ५एल आणि बी एकाच खाचेत.

फसगत होते ती लांबीत, आणि मी स्वतः फसलोय. जुन्या पट्ट्याभोवती सुतळी गुंडाळून मोजली, ६८ इंच भरली. वागळे इस्टेटला जाऊन ऐटीत म्हटलं, ‘ए-६८ द्या.’ दुकानदाराने मागितलं ते दिलं, त्याचा काही दोष नाही. पण ए पट्ट्यावरचा आकडा आतल्या परिघाचा असतो, आणि बाहेरून तो साधारण २ इंच जास्त भरतो. म्हणजे मी घरी आणला तो बाहेरून ७० इंचांचा. ४एलचा आकडा उलट बाहेरच्या परिघाचा असतो, शेवटचा शून्य म्हणजे इंचाचा दहावा भाग. ४एल ६८० म्हणजे बाहेरून ६८ इंच, आणि त्याचा आपल्याकडचा भाऊ ए-६६. बी सेक्शनमध्ये हा फरक ३ इंचांचा, म्हणून ५एल ६८० ला बी-६५.

तो लांबडा पट्टा इतका अलगद बसला की तेव्हाच शंका यायला हवी होती. ताण देणारी पुली स्प्रिंगच्या जोरावर पार टोकाला जाऊन टेकली होती. उंच गवतात शिरल्यावर इंजिन जोरात, पाती थंड, आणि रबर जळल्याचा वास.

म्हणून सुतळीच्या भरवशावर राहू नका. पट्ट्याच्या पाठीवर खडूने रेघ मारा, तो फरशीवर उभा धरून घरंगळवा, आणि एक पूर्ण फेरी होईपर्यंतचं अंतर फितीने मोजा. हा झाला बाहेरचा परीघ. जुना पट्टा थोडा ताणलेला असतो, त्यामुळे पाव-अर्धा इंच जास्त भरला तर बिचकू नका, जवळचा कमी नंबर घ्या. पट्टा तुटून हरवलाच असेल, तर ताणाची पुली मधोमध धरून सुतळी सगळ्या पुल्यांवरून फिरवून घ्या. ते माप बाहेरच्या आणि आतल्या परिघाच्या मध्ये कुठेतरी येतं, एवढं लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट दुकानात आवर्जून विचारायची. पिठाच्या गिरणीचा साधा पट्टा इथे चालतो, पण टिकत नाही. गिरणीत पट्टा एकाच ताणात फिरत राहतो. डेकवर लिव्हर ओढला की ताण येतो, सोडला की जातो, म्हणजे पट्टाच क्लचचं काम करतो. शिवाय एक सपाट पुली त्याच्या पाठीवर दाबून त्याला उलटा वाकवते. यासाठी आतले धागे अ‍ॅरामिडचे (ज्याला केव्हलर म्हणतात) आणि वरून कापडाचं आवरण असलेला पट्टा लागतो. खाली दात पाडलेला, उघड्या कडांचा पट्टा दिसायला दणकट असतो, पण लिव्हर सोडल्यावरही तो पुलीला धरून राहतो. त्यामुळे पाती थांबायला वेळ लागतो. तो नको.

खोलण्याआधी

चावी काढून खिशात. स्पार्क प्लगची कॅप काढून बाजूला. हात लावायचा तो पात्यांजवळच, त्यामुळे यात सवलत नाही. इंजिन गार होऊ द्या, हँडब्रेक ओढा आणि डेक सगळ्यात खाली सोडा.

स्पॅनर इंची लागतात. ९/१६ च्या बोल्टवर १४ चा स्पॅनर चढत नाही आणि १५ चा घसरून डोकं गोल करतो. साडेचार सूत म्हणून मागितला की जुने दुकानदार बरोबर काढून देतात. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच डब्ल्यूडी-४० मारून ठेवा.

पट्ट्याला हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, वरून, दोन्ही बाजूंनी, इंजिनाच्या पुलीजवळून. तरीही कागदावर पुल्यांचे गोल काढून पट्ट्याची रेघ ओढाच. फोटोत नेमकं जिथे पट्टा वळतो तिथे अंधार असतो.

जुना पट्टा काढणे

लिव्हर सोडून ताण घालवा. डेकवरची पत्र्याची झाकणं काढा. पुल्यांच्या कडेला छोटे वाकवलेले गज किंवा पत्र्याच्या पट्ट्या दिसतील. पट्टा उडू नये म्हणून त्या असतात. बोल्ट सैल करून त्या फिरवा, पूर्ण काढायची गरज नसते. मग एका पुलीवरून पट्टा कडेने उचलत, पुली हाताने फिरवत बाहेर आणा. जुन्या मशीनवर डेक तीन-चार पिनांवर अडकवलेला असतो. पिना काढून डेक बाजूने ओढून काढला, तर पुढचं सगळं काम बसून करता येतं. मी तेच करतो. पोटाखाली झोपून काम करण्यात मर्दुमकी नाही.

पुल्या तपासा

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि नवा पट्टा महिन्यात गेला की पट्ट्याला शिव्या घालतात. प्रत्येक पुली हाताने फिरवा. घरघर आली किंवा वरखाली हलली तर बेअरिंग गेलं. बेअरिंगवरचा नंबर वाचून तोच मागा. ताणाच्या पुलीचं बेअरिंग बऱ्याचदा दाबून बसवलेलं असतं, तिथे पुलीच बदलावी.

मग खाचेत बोट घाला. पट्टा खाचेच्या दोन तिरक्या भिंतींना धरून चालतो, तळाला टेकत नाही. भिंती मंद दिसत असतील आणि तळ आरशासारखा चकचकीत असेल, तर पट्टा किंवा पुली झिजून पट्टा तळाला बसतो आहे. असा पट्टा कितीही ताणा, घसरणारच. पट्टा बसवल्यावर त्याची पाठ पुलीच्या काठाला लागून किंवा किंचित वर हवी. काकांच्या डेकवर एका पुलीच्या खाचेत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, ते काडीने कोरून काढलं. खाचा चिंधीने पुसा, गंज पॉलिश पेपरने काढा. तेल मात्र लागू देऊ नका.

नवा पट्टा बसवणे

आधी इंजिनाची पुली, मग डेकच्या पुल्या, शेवटी ताणाची पुली. कागदावरच्या चित्राशी ताडून बघा. व्ही-पुलीत पट्ट्याची अरुंद बाजू, सपाट पुलीवर पाठ. स्क्रूड्रायव्हरने ढोसून चढवू नका, आतला धागा तुटतो आणि ते बाहेरून दिसत नाही. शेवटच्या पुलीवर एका कडेने पट्टा टेकवा आणि पुली हळूहळू फिरवा, आपोआप चढतो.

या पिढीच्या बऱ्याच मशीनवर इंजिनाची पुली उभी फिरते आणि डेकच्या आडव्या. मध्ये दोन छोट्या पुल्या पट्ट्याला पाव फेरा पिळून खाली वळवतात. इथे पट्ट्याच्या दोन्ही बाजूंची अदलाबदल झाली तर पाती उलटी फिरतात आणि गवत नुसतं झोपतं. तपासायला सोपं आहे. प्लगची कॅप अजून काढलेलीच ठेवा, हाताच्या लिव्हरचा क्लच असेल तर तो ओढा, आणि इंजिन दोरीने सावकाश एक फेरा फिरवा. पात्याची धारेची कड पुढे चालली पाहिजे.

स्प्रिंगने ताण देणाऱ्या डेकवर वेगळं काही करायचं नसतं. लिव्हर ओढल्यावर ताणाची पुली मधल्या भागात थांबली की लांबी बरोबर. बोल्टने ताण द्यायचा असेल, तर दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबा. ४० सेमी अंतराला साधारण ६ मिमी दबला की पुरे. जास्त ताणलं की बेअरिंग जातं.

पट्टा उडू न देणारे गज परत जागेवर आणा. लिव्हर ओढलेल्या स्थितीत ते पट्ट्याला न चिकटता दोन-तीन मिमी दूर असावेत. झाकणं लावा, प्लगची कॅप बसवा, सपाट जागी पाच मिनिटं रिकामं चालवा. वास, खडखड किंवा धूर आला तर थांबून पुल्या एका रेषेत आहेत का ते सुतळी ताणून बघा. पहिल्या तासाभराच्या कामानंतर बोल्टने दिलेला पट्ट्याचा ताण एकदा परत तपासा.

मागच्या वर्षी ४एल ६८० मागवावा लागला, स्थानिक दुकानात अ‍ॅरामिडचा नव्हता. बसल्यावर काकांनी डेकच्या झाकणाच्या आत पांढऱ्या ऑइल पेंटने लिहून ठेवलं: ‘४एल ६८०. ए-६८ नव्हे.’