तयारीची यादी: समोरासमोरचे दोन चुंबक आणि पितळी बोल्ट

गेल्या मे महिन्यात ठाण्याच्या घरी, समोरासमोरच्या दोन चुंबकांमधली फट बोल्टाने कमीजास्त करता येईल अशी ही जोडणी करताना माझे चार रविवार वाया गेले. दोष चुंबकांचा नव्हता, चुंबक धरणारे होल्डर छापणाऱ्या थ्रीडी प्रिंटरचाही नव्हता. जांभळी नाक्याजवळून आणलेले पिवळे बोल्ट मी पितळेचे समजून बसलो होतो आणि ते पिवळा झिंक मुलामा दिलेले लोखंडी निघाले; लोखंड जवळ असले की चुंबकांचे क्षेत्र विस्कटते. म्हणून यादीची सुरुवात बोल्टांपासून करतो. बोल्ट, नट, वॉशर यांतला प्रत्येक नग पितळेचा किंवा नायलॉनचा असावा. स्टेनलेसवरही विसंबू नये, कारण ३०४ प्रतीचे पोलाद मुळात चुंबकाला दाद देत नसले तरी थंड अवस्थेत आटे पाडताना ते थोडेफार चुंबकीय होते. खिशात एक लहान चुंबक ठेवावा आणि पैसे देण्यापूर्वी दुकानातच तो लावून पाहावा. पुडीतल्या एखाद्या नगाला नव्हे, प्रत्येक नगाला.

चुंबक एन४२ प्रतीचे (निओडिमियम चुंबकांच्या ताकदीची एक प्रत), २० मिमी व्यासाचे व १० मिमी जाडीचे, एकाच खेपेतले दोन. ध्रुवांवर मार्करने खूण करावी, हे सांगायला नको. समान ध्रुव समोरासमोर ठेवले की मध्यभागी क्षेत्र शून्य होते आणि तिथून दोन्ही बाजूंना जवळजवळ सरळ रेषेत वाढत जाते. फट ४० मिमी असताना मध्यभागी अक्षावरचा ग्रेडियंट, म्हणजे अंतरागणिक क्षेत्र बदलण्याचा दर, सुमारे ७.५ टेस्ला प्रति मीटर येतो, तर ६० मिमी केल्यावर तो सव्वादोनच्या आसपास उतरतो. म्हणजे फट दीडपट झाली की ग्रेडियंट तिपटीहून अधिक घटतो, आणि म्हणूनच फट बोल्टाने नेमकी बदलता यायला हवी. एम६ बोल्टाच्या एका फेऱ्यात होल्डर १ मिमी सरकतो. दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखेच फिरवावेत, नाहीतर शून्याची जागा मध्यातून हलते. माझी ती सारखे फिरवूनही हलत होती आणि मी तीन आठवडे होल्डरची मापे तपासत राहिलो. बोल्टाला चुंबक लावून पाहायला तीन सेकंद लागले असते.

होल्डरसाठी पीएलए हे थ्रीडी प्रिंटिंगचे नेहमीचे प्लास्टिक वापरू नये, कारण ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हा होल्डर ठेवला तर तो वाकू शकतो, त्यापेक्षा पीईटीजी हे दुसरे प्लास्टिक बरे. खाच चुंबकाच्या व्यासापेक्षा ०.२ मिमी मोठी ठेवावी आणि तिला मागून झाकण द्यावे, कारण समान ध्रुव एकमेकांना मागेच ढकलतात आणि निसटलेला चुंबक हवेतच उलटून समोरच्यावर आदळतो. मध्ये बोट असेल तर चिमटते, नसेल तर चुंबकावरच्या निकेल मुलाम्याचा टवका उडतो आणि पावसाळ्यात तिथून गंज धरतो. झाकणाचे स्क्रूही पितळेचेच. होय, तेही.

मोजणीसाठी ४९ई जातीचा हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र व्होल्टमध्ये दाखवणारा) पुरतो. तो एका गॉसला (टेस्लाच्या दहा हजाराव्या भागाला) सुमारे १.४ मिलिव्होल्ट देतो, म्हणून ४० मिमी फटीत मध्याजवळ १ मिमी सरकताच साधारण १०० मिलिव्होल्टचा फरक दिसला पाहिजे. चुंबकाच्या अगदी जवळ त्याची मर्यादा संपते, तिथले आकडे सोडून द्यावेत. सेन्सर धरायला लोखंडी क्लिप लावू नये आणि खाली लोखंडी टेबल नको. मी शेवटी लाकडी पोळपाटावर मोजले.

एपॉक्सी गोंद सगळ्यात शेवटी लावावा आणि रात्रभर वाळू द्यावा. फेरे आणि व्होल्ट वहीत लिहावेत. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला जवळ येऊ देऊ नये, बँकेची कार्डेही लांब ठेवावीत. आणि एखादा बोल्ट कमी पडला तर घरातल्या डब्यातला लावू नये. माझ्या डब्यात ते पिवळे आठ बोल्ट अजून पडून आहेत.