गाणं शिकवणाऱ्या बाई गेल्यावर शिष्यांनी करायची कामं

फ्लेक्सचं आधी उरकून टाकू. कोल्हापुरात माणूस गेलं की चौकात फ्लेक्स लागतोच. आमच्या बाईंचाही लागला आणि पहिल्याच वळवात फाटला. लावायचा तर लावा, त्यावरून भांडू नका. भांडायची ताकद पुढच्या कामांना लागणार आहे. गाणं शिकवणारं माणूस गेलं की त्याच्यामागं काय काय हरवू शकतं, हे घरच्यांना माहीत नसतं. ते शिष्यांनाच माहीत, म्हणून ही कामं शिष्यांची.

बाई उत्तरेश्वर पेठेत, पुढच्या सोप्यात क्लास घ्यायच्या. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत गाण्याच्या सगळ्या परीक्षांची तयारी तिथंच. मी त्यांच्याकडून विशारद झाले, आता पतसंस्थेत काउंटरला बसते. त्यांच्या मागं आम्ही मुलींनी जे केलं, त्यातलं उपयोगी पडलं तेवढं सांगते.

आधी वह्या

तेरावं होऊ द्या, मग घरी जा. दिवाळीची आवराआवर व्हायच्या आत मात्र जा, कारण रद्दीवाला तानेची वही आणि किराणाची वही एकाच भावानं घेतो. घरच्यांना "वह्या आम्हाला द्या" असं म्हणू नका. "इथंच बसून फोटो काढतो आणि परत कपाटात ठेवतो" म्हणा, लगेच हो म्हणतात. खिडकीशी बसायचं, सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद. मुखपृष्ठापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत सलग सगळी पानं घ्यायची. नुसत्या बंदिशी वेचून घेऊ नका. आमच्या बाई वहीच्या मागच्या बाजूला फीचा हिशेब लिहायच्या, आणि त्या हिशेबाच्या मधेच एखादा मुखडा सुचलेला असायचा.

समासातलं पेन्सिलीचं लिखाण तर मुळीच सोडू नका. बागेश्री रागाच्या एका पानावर बंदिश हिरव्या शाईत, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) गुणिले, आणि अंतऱ्याच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात: "हिचा दम कमी, इथं तोडू." त्या चिजेचे, म्हणजे बंदिशीचे, आमच्यात दोन अंतरे (दुसरे भाग) फिरत होते. एकात मध्यमावरून तार षड्जापर्यंत एका श्वासात जायचं, दुसऱ्यात मधेच थांबायचं. दोन्ही बाजूच्या बायका वर्षानुवर्षं एकमेकींना "तुझं चुकीचं आहे" म्हणत होत्या. त्या पेन्सिलीच्या ओळीनं भांडण मिटलं. तेव्हापासून आमचा नियम असा की एकाच चिजेच्या दोन रीती सापडल्या तर दोन्ही लिहायच्या, कुणाला आणि साधारण कोणत्या साली शिकवली तेही लिहायचं, आणि खरी कोणती याचा निवाडा करायचा नाही.

वही उतरवून घ्यायला बसाल तेव्हा स्वरलिपी, म्हणजे स्वर लिहायची पद्धत, कोणती ते आधी बघा. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक. पलुस्कर पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक, आणि तार सप्तकाला उभी रेघ. भातखंड्यांत सम गुणिल्यानं दाखवतात, पलुस्करांत एक आकड्यानं. काही जुन्या शिक्षकांनी एक पद्धत शिकून नंतर दुसरी धरलेली असते, त्यामुळं एकाच वहीत दोन्ही सापडतात. नवशिक्या पोरानं हौसेनं टाईप करून दिलं आणि मंद्रातले स्वर थेट तार सप्तकात गेले, असं व्हायला वेळ लागत नाही. शंका आली की गाऊन बघा, गळा लगेच सांगतो.

प्रती तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक गावाबाहेर. २०१९ च्या महापुरात सोप्यात पाणी शिरायला लागलं तेव्हा बाईंनी फ्रिजकडं बघितलंही नाही, पहिली वह्यांची ट्रंक माळ्यावर चढवली. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह एका रात्रीत जळताना सगळ्या कोल्हापूरनं बघितलंय. वही ओली झालेली असेल तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात आणि शाई उडते. सावलीत, पंख्याखाली, पानांच्या मधे कोरे कागद घालून वाळवा आणि कागद बदलत राहा.

कॅसेट

कॅसेट हातात आली की लगेच वाजवायची नाही. मागच्या दोन प्लॅस्टिकच्या चिपा मोडून टाका, म्हणजे कुणाच्या हातून वर काही रेकॉर्ड व्हायचं नाही. आतल्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती बाजूला काढा, जाणत्या माणसाकडूनच साफ करून घ्या. नाहीतर ती बुरशी प्लेअरमधून पुढच्या कॅसेटला लागते. बरी असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं गुंडाळा, प्लेअरचं हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसा, मग वाजवा. कॉम्प्युटरवर घेताना वेव्ह फाइल करा, तिच्यात आवाज न दाबता पुरा राहतो. एमपीथ्री नंतर, ग्रुपवर पाठवायला.

इथं एक कळकळीची विनंती. स्टुडिओवाला म्हणेल, "मॅडम, खरखर काढून देतो." मूळ फाइल तशीच ठेवल्याशिवाय काही काढू देऊ नका. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे कचरा, असं ते सॉफ्टवेअर धरून चालतं, आणि तानपुराही सतत एकसारखाच वाजत असतो. खरखरीबरोबर तानपुरा जातो आणि बाई पत्र्याच्या डब्यात बसून गायल्यासारख्या वाटतात.

पट्टी तपासा. पट्टी म्हणजे पेटीच्या ज्या सुरावर गाणाऱ्याचा सा असतो ती. आमच्या बाई काळी पाचला गायच्या. एक कॅसेट लावली तर पांढरी सहा लागली. अर्धा सूर खाली म्हणजे टेप साधारण सहा टक्के हळू चाललेली. बाई नेहमी कोणत्या पट्टीत गायच्या हे शिष्यांनाच ठाऊक असतं, म्हणून हे काम दुकानात टाकून येऊ नका, शेजारी बसा.

आठवणी

आपल्याच गावातलं उदाहरण बघा. जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या पदरी इथं होते, १९२२ मध्ये महाराज गेल्यावर मुंबईला गेले. खाँसाहेबांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. त्यांची गायकी आपल्यापर्यंत आली ती भूर्जीखाँ, केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर अशा गळ्यांतून. आणि स्वतः खाँसाहेब कोण, कुठून आले, काय सोसलं, हे कळतं ते त्यांनी नातू अझीझुद्दीनखाँना सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं म्हणून.

तेव्हा फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि एकेका शिष्याच्या घरी जाऊन बसा. "बाई कशा होत्या?" असं विचारलं की "देवमाणूस होत्या" एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा विचारा, पहिल्या दिवशी काय म्हणायला लावलं? कशावरून चिडायच्या? तुमचा कुठला स्वर दुरुस्त करायच्या, आणि कसा? गाऊन दाखवा की! आमच्यातली एक लग्न होऊन इचलकरंजीला गेली, प्रवेशिकेनंतर गाणं सुटलं. तिला बाईंनी भूप रागातला गंधार कसा लावायला सांगितला होता ते तिनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या गाऊन दाखवलं, आणि विशारद झालेल्या आम्ही गप्प ऐकत राहिलो. मधेच गाणं सोडलेल्यांकडं अवश्य जा. पुढं दुसरे गुरू न मिळाल्यामुळं त्यांच्याकडं बाईंचं शिकवणं बिनभेसळीचं राहिलेलं असतं.

तानपुरा

शोकेसमध्ये हार घालून उभा करू नका. वापरणार नसाल तेवढे दिवस तारा थोड्या उतरवून ठेवा, म्हणजे घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि तबलीवर (भोपळ्यावरची लाकडी झाकणफळी) ताण राहत नाही. पावसाळ्यात भिंतीला टेकवू नका. खुंटी सरकत असेल तर खडू लावतात. आवाज बसका झाला असेल तर जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारांचा गुंजणारा आवाज परत आणायला, मिरजेला न्या, रेल्वेनं तासाभराचं अंतर. तिथल्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण कारागीर सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या बसलेत. वाद्य कुणाकडं राहणार हे घरच्यांना ठरवू द्या. आमच्यात ते रोज रियाज करणाऱ्या सगळ्यात लहान मुलीकडं गेलं. दोघी ज्येष्ठ रुसल्या, अजून थोड्या रुसलेल्या आहेत.

पुण्यतिथी

गुरुपौर्णिमेला ठेवू नका, ज्या शिष्या स्वतः क्लास घेतात त्यांचे त्या दिवशी आपापले कार्यक्रम असतात. तिथी की तारीख, हे घरच्यांना विचारा. हॉल नको. सतरंजी अंथरून चाळीसएक माणसं बसतील एवढी खोली पुरे. निवेदक नको, दीपप्रज्वलन नको, नगरसेवक तर नकोच. भाषण कुणाचंही नाही. प्रत्येकानं बाईंनी शिकवलेली एकच चीज, शिकवली तशी, दहा मिनिटांत म्हणायची. सीडीवरून उचललेल्या ताना घालायच्या नाहीत.

क्रम कसा लावायचा यावर हमखास वाजतं. आम्ही ज्येष्ठता काढूनच टाकली आणि रागाच्या वेळेप्रमाणं लावला. सकाळी लवकर भैरव, मग तोडी, मग आसावरी, उन्हं चढल्यावर सारंग, शेवटी सगळ्यांनी मिळून भैरवी. भैरव म्हणणारी चौथीतली असो की साठीतली, तिनं आधी बसायचं. यावर कुणाला बोलता येत नाही. साथीला बाईंच्या क्लासचाच तबलजी आणि बाईंचीच पेटी, तिचा भाता गळतो तरीही. मधे चहा आणि भडंग.

परीक्षेचा फॉर्म भरलेली पोरं मधेच लोंबकळत असतील, तर वर्षश्राद्धाची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात दोघींनी वार वाटून घ्या. फी बाई घ्यायच्या तेवढीच, आणि क्लास होईल तितके दिवस त्याच सोप्यात, घरच्यांची हरकत नसेल तर. मी गुरुवार घेते.

वर्गणी उरली तर बाईंच्या नावाचा पुरस्कार जाहीर करू नका. दुसऱ्या वर्षी पैसे कमी पडतात आणि तिसऱ्या वर्षी तो कुणाला द्यायचा यावर गट पडतात. पेटीचा भाता दुरुस्त करा, तारांचे दोन जादा संच आणून ठेवा, आणि हिशेब ग्रुपवर टाका.