बाळंतविड्याची यादी: घाबरून न जाता कशी करावी

धाकट्या बहिणीला सातवा लागला तेव्हा एका संध्याकाळी तिने मला मोबाइलवर एकशे चाळीस वस्तूंची यादी पाठवली. कुठल्याशा खरेदीच्या ॲपवरून घेतलेली. खाली एवढंच लिहिलं होतं, "ताई, यातलं खरंच काय काय लागतं गं?" त्या प्रश्नामागचा घोर मला ओळखीचा होता. आपण काहीतरी विसरू आणि त्याचा त्रास बाळाला होईल, ही भीती पहिलटकरणीला दुकानात पाऊल टाकल्यापासून धरून बसते.

आपल्याकडे याला बाळंतविडा म्हणतात. झबली, टोपडी, दुपटी, कुंची, वाळे, वाटी-चमचा असं माहेरचं, सासरचं, आत्याचं, मावशीचं मिळून एक गाठोडं बाळापर्यंत पोचायचं. परदेशात दुकानातच यादी नोंदवून ठेवतात आणि कुणी एखादी वस्तू घेतली की तिच्यापुढे खूण होते. दोन्हीत कल्पना एकच: बाळाचं सामान सगळ्यांनी मिळून जमवायचं. आपल्याकडे फक्त यादी नसते, म्हणून सात जण सात फ्रॉक आणतात आणि लंगोट कुणीच आणत नाही.

आधी बाळाचा दिवस लिहा

ॲपमधली यादी बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर पाच शब्द लिहा: झोप, दूध, शी-शू, अंघोळ, कपडे. पहिला सव्वा महिना बाळ यापलीकडे काही करत नाही. डॉक्टरांकडे आणि लसीला जाणं हे सहावं. वस्तू समोर आली की ती या सहांपैकी कशात बसते ते बघा. बसत नसेल तर कागदाच्या मागच्या बाजूला लिहा. भरवायची खुर्ची, सूप गाळायची चाळण, खुळखुळ्यांचा संच हे सगळं मागे. बाळ बसायला लागतं आणि वरचं खायला लागतं ते साधारण सहाव्या महिन्यात. तोवर बाजार बंद होणार नाही. बहिणीच्या एकशे चाळीसपैकी नव्वदाच्या वर वस्तू अशा मागच्या पानावर गेल्या.

मग आकडे मांडा

इथे घाई करू नका, कारण धांदल उडते ती नेमकी आकड्यांतच. पाचव्या दिवसापासून, दूध पुरेसं मिळत असेल तर, बाळ दिवसाला निदान सहा वेळा शू करतं; शी वेगळी. म्हणजे दिवसाला दहा-बारा लंगोट धरून चाला. उन्हाळ्यात धुतलेलं संध्याकाळपर्यंत वाळतं, तेव्हा चोवीस पुरतात. बाळ जून ते सप्टेंबरात येणार असेल, त्यातही कोकणात किंवा घाटमाथ्यावर, तर छत्तीसच्या खाली जाऊ नका. घरभर दोऱ्या बांधूनही दुपटी दमट राहतात, आणि दमट कापडाने बाळाची कातडी लाल होते. मऊ सुती दुपटी दहा-बारा, दोन मेणकापडं, रात्रीसाठी आणि दवाखान्यासाठी डायपरचं एक लहान पाकीट. मोठा खोका आधी घेऊ नका, कुठल्या मापाचं आणि कुठल्या जातीचं बाळाला मानवतं ते नंतरच कळतं.

कपड्यांचं गणित उलटं आहे. सगळ्यात लहान मापाची सहा झबली बास. बाळाचं वजन पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत जन्माच्या दुप्पट होतं, मग भेट म्हणून येणारे कपडे सहा महिन्यांच्या मापाचे मागा. झबली समोरून बंद बांधायची हवीत. डोक्यातून घालायची नकोत. नाळ गळून पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर तिथे काही घट्ट बसता कामा नये आणि तेल-पावडरही लावायची नाही. थोरल्या भावंडाची वापरून मऊ झालेली झबली मिळाली तर ती आनंदाने घ्या. पहिलं झबलं जुनंच घालायचं ही आपल्याकडची रीत बाळाच्या कातडीला मानवणारी आहे.

काय नको, तेही लिहा

हा भाग लोक टाळतात, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भेटवस्तूंच्या संचात हमखास येणारी मोहरीची उशी, पाळण्याच्या कडेने लावायच्या गुबगुबीत गाद्या, जाड रजया बाळ झोपलेलं असताना जवळ नकोत. नवजात बाळाला मान वळवून तोंड मोकळं करता येत नाही. त्याला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, काही न पसरता निजवायचं. अमेरिकेत पाळण्याच्या त्या कडेच्या गाद्या आणि बाळाला उतरत्या पाठीवर निजवायचे झोपाळे 2022 साली कायद्याने विकायचे बंद केले.

चाकांचा वॉकरही नको. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, कारण त्यात बसलेलं बाळ क्षणात जिन्यापर्यंत किंवा गॅसपर्यंत पोचतं. काजळ नको, त्यात शिशाचा अंश असू शकतो. मध चाटवायचा नाही, निदान वर्षभर. पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं. घुटी, पाणी काहीच लागत नाही. म्हणून बोंडलं आणि दुधाची बाटली यादीत आपणहून लिहू नका. डॉक्टरांनी वरचं दूध सुचवलं तर वाटी-चमचा घरात असतोच.

दोन घरं, एकच यादी

पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर प्रत्येक वस्तूपुढे "मा" किंवा "सा" लिहा. नाहीतर पाळणा एका गावी आणि बाळ दुसऱ्या गावी असं होतं. मोठ्या वस्तू शक्यतो उसन्या घ्या. पाळणा जेमतेम चार-पाच महिने लागतो. बाळ पालथं पडून हातावर उठायला लागलं की तो बंदच करावा लागतो. उसना आणलात तर कड्या, दोऱ्या आणि फळ्यांमधली फट तपासा.

"जन्माआधी घरात काही आणायचं नाही" असं घरातली मोठी माणसं म्हणत असतील तर त्यावरून वाद घालू नका. त्या म्हणण्यामागे कुणाचंतरी जुनं दुःख असतं. कागदावर लिहायला कुणाची हरकत नसते. यादी तयार ठेवा, दुकान बघून ठेवा, आणि बाळ आल्यावर कोण जाऊन आणणार ते नाव पक्कं करा.

कुणाला काय सांगायचं

यादी घरच्या ग्रुपवर टाकू नका. काही लोकांना ती मागणी वाटते, आणि काही जण बिचारे ओढाताण करून महागाची वस्तू घेतात. यादी एका माणसाच्या हाती द्या: बहीण, वहिनी, जाऊ, कुणीही जिला स्पष्ट बोलता येतं. ज्यांनी विचारलं त्यांनाच ती सांगेल, आणि समोरच्याचा हात बघून सांगेल. मी काकूंना सांगितलं ते असं: "काकू, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तुमच्या जुन्या सुती साड्यांची चार दुपटी शिवून द्याल का? तिला तीच हवी आहेत." काकूंनी आठ दिली. आत्याचा मान मोठा, बारशाला नाव तीच ठेवते, म्हणून कुंची आणि बारशाचे कपडे तिच्यासाठी राखून ठेवले. त्यात कुणी बोट घातलं नाही.

ऑफिसातल्या मंडळींनी मिळून काही द्यायचं ठरवलं तर कार सीट सुचवा, अर्थात घरी गाडी असेल तर. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा अशा आसनात बसवणं 2019 च्या दुरुस्तीपासून आपल्याकडेही कायद्याने बंधनकारक आहे, नाहीतर हजार रुपये दंड. अमेरिकेत राहणाऱ्यांच्या यादीत तर ती पहिलीच हवी, तिथल्या प्रत्येक राज्यात ती लागते. पाकीटच देणारे असतील तर मुलीसाठी सुकन्या समृद्धी खातं अडीचशे रुपयांत उघडतं. त्याला जन्माचा दाखला लागतो, आणि जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत केली तर पैसे पडत नाहीत.

आईचं पान

बाळाच्या यादीत आई हरवते. तिच्यासाठी वेगळं पान करा: पुढून उघडणारे चार गाऊन, बाळंतपणानंतरचे मोठे पॅड, पाण्याची मोठी बाटली, आळिवाचे लाडू. आणि त्याखाली माणसांची कामं लिहा. मंगळवारचा डबा कोण देणार, रात्री दोन ते पाच बाळाला कोण घेऊन बसणार, दुपटी कोण वाळत घालणार. आमच्याकडे शेजारच्या मावशींनी पंधरा दिवस रोज सकाळी गरम भात-आमटी आणून दिली. बहीण आजही त्या डब्याचं नाव सगळ्यात आधी घेते.

आठवा संपता संपता कपडे साध्या साबणाने धुऊन उन्हात वाळवा. छत्तिसाव्या आठवड्यात पिशवी भरा: चार झबली, दोन टोपडी, सहा दुपटी, बारा लंगोट, डायपरचं पाकीट, आईचे गाऊन आणि पॅड, दवाखान्याची फाईल, आधार कार्ड. सगळ्यात वर एक झबलं, एक टोपडं आणि एक दुपटं एकत्र घडी करून ठेवा. दवाखान्यात नर्स आधी तेवढंच मागते, आणि ते द्यायला बहुतेक वेळा बाहेर बाळाचे बाबा उभे असतात. पिशवी कुठे ठेवली आहे, ते त्यांनाही दाखवून ठेवा.