वुड चिपरचा शाफ्ट आणि बेअरिंग दुरुस्त करताना या चुका टाळा

फांद्या-लाकडाचे तुकडे करणाऱ्या वुड चिपरचं बेअरिंग आवाज करायला लागलं की नवं आणून ठोकून बसवायचं, ही सर्रास होणारी दुरुस्ती. ते नवं बेअरिंगही लवकरच ओरडायला लागतं, कारण खालचा शाफ्ट (फिरणारा दांडा) झिजलेला असतो आणि त्याकडे कुणी पाहिलेलंच नसतं. मोजमाप न घेता बसवलेलं बेअरिंग म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, असं माझं ठाम मत आहे.

खोलण्याआधी एक गोष्ट. चिपरचा रोटर, म्हणजे शाफ्टवर पात्यांसकट फिरणारा भाग, जड असतो, इंजिन बंद केल्यावरही तो बराच वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबेपर्यंत कव्हर उघडू नका. चावी काढून खिशात ठेवा, बॅटरीची किंवा स्पार्क प्लगची वायर सोडा आणि रोटर हलणार नाही असा अडकवून मगच हात घाला.

जुनं बेअरिंग लगेच भंगारात टाकू नका. आतल्या रिंगच्या भोकात तांबूस भुकटी किंवा आरशासारखी चकाकी दिसली, तर रिंग शाफ्टवर घसरत होती. निळसर रंग चढला असेल तर ते तापलं होतं. गोळ्यांच्या वाटेवर समान अंतरावर आडव्या रेघा दिसल्या तर वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून गेल्याचा संशय घ्या. चिपरच्या बॉडीवर वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा भलतीकडेच लावला की असं होतं. चिमटा नेहमी वेल्डच्या अगदी जवळ लावा, करंटच्या वाटेत बेअरिंग येता कामा नये.

आता शाफ्ट. व्हर्नियरवर विसंबू नका, मायक्रोमीटर घ्या. बेअरिंगच्या जागेवर तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा, म्हणजे शाफ्ट लंबगोल झालाय का तेही कळेल. अंदाजासाठी सांगतो: आवळून बसणाऱ्या बेअरिंगखाली ४५ मि.मी.चा शाफ्ट के६ फिटमध्ये (के६ म्हणजे शाफ्ट मापापेक्षा किती जाड चालतो याचा ठरलेला दर्जा) ४५.००२ ते ४५.०१८ मि.मी. असतो. आपल्या मशीनचा फिट मात्र मॅन्युअलमध्येच पाहा. ग्रब स्क्रूने (आतल्या रिंगमधल्या बिनडोक्याच्या स्क्रूने) आवळायच्या यूसी मालिकेच्या बेअरिंगला हा हिशेब लागू नाही. ते हाताने सरकवून बसतं, म्हणून तिथे शाफ्ट मापाला किंवा किंचित कमी ठेवतात. अशा बेअरिंगसाठी शाफ्ट जाड करून घेणं हीसुद्धा चूकच.

सगळ्यात जास्त नुकसान ढिल्या शाफ्टवरच्या जुगाडांनी होतं. सेंटर पंचाने खड्डे पाडून शाफ्ट ‘फुगवतात’, पण रिंग त्या मोजक्या उंचवट्यांवर टेकते आणि पहिल्याच जाड फांदीच्या धक्क्यांनी ते दबून जातात. पत्र्याची पट्टी गुंडाळली की रिंग गोल राहत नाही. बेअरिंग चिकटवायचं लॉकिंग कंपाउंड चांगलं आहे, पण अगदी बारीक फटीसाठी आणि तेल-ग्रीस पूर्ण पुसलेल्या शाफ्टवरच. बोटाने हलवल्यावर खेळ जाणवत असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

वेल्डिंगने भरून लेथवर उतरवणं हा खरा उपाय होऊ शकतो, पण तो कोण करतंय यावर सगळं अवलंबून आहे. शाफ्टला वापरतात त्या पोलादांपैकी ईएन८ मध्ये सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो, ईएन२४ तर मिश्रधातूचं पोलाद. असा शाफ्ट आधी न तापवता भरला आणि झटकन थंड होऊ दिला, तर वेल्डशेजारचा भाग कडक, ठिसूळ होतो आणि आतून तडकू शकतो. एकाच बाजूने भरत गेलं तर शाफ्ट वाकतोही. म्हणून आधी तापवणं, लो-हायड्रोजन रॉड, समोरासमोरच्या बाजूंनी आलटून-पालटून भरणं आणि सावकाश थंड करणं यातलं काहीच गाळू नका. उतरवून झाल्यावर डाय-पेनिट्रंटने (बारीक तड्यांत शिरून ते दाखवणाऱ्या रंगाने) तडा तपासून घ्या आणि डायल गेजवर वाक पाहा. टर्नरला आणखी एक सांगा: शाफ्टच्या पायरीच्या (जाडी बदलते त्या जागेच्या) कोपऱ्यात गोलाई ठेवा. धारदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. मात्र ती गोलाई बेअरिंगच्या कडेपेक्षा मोठी नको, नाहीतर रिंग पायरीला टेकणारच नाही. झीज पायरीजवळ खोल असेल, तर मी नवा शाफ्टच करून घ्यायला सांगेन. पात्यांसकट फिरणारा रोटर तुटणं ही जिवावरची गोष्ट आहे.

बेअरिंग शाफ्टवर चढवताना जोर फक्त आतल्या रिंगवर द्या, हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या घरात, बसवताना बाहेरच्या रिंगवर. जोर गोळ्यांमधून गेला की नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. उघडं बेअरिंग तापवून चढवायचं तर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुरे, १२० च्या वर नको आणि गॅसची ज्योत तर मुळीच नको. सील असलेलं ८० च्या पुढे नेऊ नका.

दोन्ही टोकांची बेअरिंगं घट्ट जखडली तर तापून लांबलेल्या शाफ्टला जागाच उरत नाही, म्हणून खोलतानाच कुठलं टोक सरकतं होतं ते लिहून ठेवा. ग्रीस पूर्वीच्याच जातीचं भरा, लिथियम आणि पॉलियुरिया मिसळू नका. पट्टा गरजेपेक्षा ताणू नका. पाती जोडीनेच धार लावून सारख्या वजनाची बसवा.

बेअरिंग बदललं की रोटर किंचित सरकतो. म्हणून फिरत्या आणि स्थिर पात्यांमधली फट मॅन्युअलप्रमाणे पुन्हा लावा आणि रोटर जाड हातमोजे घालून पूर्ण एक फेरा फिरवून पाहा. कुठेही घासत नसेल तरच सगळी कव्हर लावून मशीन रिकामी चालवा. थोड्या वेळाने बंद करा, रोटर थांबू द्या आणि दोन्ही हाउसिंगचं तापमान पाहा. एक दुसऱ्यापेक्षा बरंच गरम असेल, तर लाकूड घालण्याआधी तेच खोला.