बाहेरच्या इंजिनिअरने काढलेला बंधारा तपासायचा कसा

जलसंधारण अधिकारी म्हणून कोकणात नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींचे मला अधूनमधून फोन येतात. "मॅडम, सल्लागाराचा रिपोर्ट आलाय, सिमेंट नाला बंधाऱ्याचा. तपासून पुढे पाठवायचाय. तपासायचं म्हणजे नक्की काय?" मी लघुपाटबंधाऱ्यात शाखा अभियंता होते, बहुतेक नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात गेली. तेव्हा संकल्पन आम्हीच करायचो. आता माणसं कमी, कामं जास्त, म्हणून सर्वेक्षणापासून अंदाजपत्रकापर्यंत सगळं बाहेरून करून घेतात. त्याला माझी हरकत नाही. काही सल्लागार खरोखर हुशार असतात. पण तांत्रिक मान्यतेवर सही खात्याची असते. बंधारा वाहून गेला की चौकशीत पहिल्यांदा तुमची टिप्पणी उघडली जाते, हे धरून चाला.

रिपोर्ट आला की आधी फक्त जागेचं वर्णन वाचा, आकडेमोड नंतर. राजापूरकडच्या एका कामाच्या रिपोर्टात मी "काळी कापसाची जमीन, खोली दोन मीटर" असं वाचलंय. आजूबाजूला नजर जाईल तिथपर्यंत कातळ! दुसऱ्या जिल्ह्यातला रिपोर्ट उचलून गावाचं नाव तेवढं बदललेलं. असं एक वाक्य सापडलं की बाकीच्या पानांवर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही. रिपोर्ट तिथूनच परत करा, आणि परत करताना कारण लेखी द्या.

वर्णन ठीक असेल तर जागेवर जा. ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ, म्हणजे तिची उभी मोजपट्टी, सोबत घ्या. सगळं सर्वेक्षण नव्याने करायला वेळ नसतो आणि गरजही नसते. सल्लागाराने कातळावर रंगाने मारलेला टीबीएम (सगळ्या पातळ्या ज्यावरून मोजतात ती तात्पुरती खूण), बंधाऱ्याच्या आसावरची तळपातळी आणि काठाची एखादी पातळी, एवढ्या तीन ठिकाणी स्टाफ धरा. पाच-सात सेंटीमीटरच्या आत जुळलं तर तो माणूस खरंच पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, उतरला होता. टीबीएमच सापडला नाही तर सर्वेक्षण खुर्चीत बसून झालंय.

मग वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवा. "पाणी किती येतं?" असं विचारू नका, उत्तर "खूप" एवढंच मिळेल. "2005 च्या जुलैत पाणी कुठपर्यंत आलं होतं? 2021 ला, चिपळूण बुडालं तेव्हा?" असं विचारा. मग कोणी गोठ्याच्या पायरीवर बोट ठेवेल, कोणी आंब्याच्या बुंध्याकडे नेईल. तिथे स्टाफ लावा, पातळी लिहून घ्या, सांगणाऱ्याची सही घ्या. ही पूररेषा फायलीतला सगळ्यात मोलाचा कागद आहे.

आता पाणलोट. सल्लागार तो उपग्रहाच्या उंचीच्या आकड्यांवरून संगणकावर काढतात. डोंगरउतारावर ते चालतं. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, मात्र फसतं, कारण सडा इतका सपाट असतो की पाणी कुठल्या बाजूला वळतं ते तीस मीटरच्या चौकटींत दिसत नाही. त्यात कोणीतरी आंब्याच्या बागेसाठी चिऱ्याचा गडगा घातला, रस्त्याचं गटार काढलं, की पाणी दुसऱ्याच पऱ्याला जातं. जमलं तर मोठ्या पावसात सड्यावर एक फेरी मारा. नाहीतर गुराख्याला विचारा, त्याला ठाऊक असतं.

खरी मेख पुराच्या हिशेबात असते, म्हणून इथे घाई नको. समजा पाणलोट दीड चौरस किलोमीटर, म्हणजे 150 हेक्टर, आणि सांडव्याची, म्हणजे ज्या माथ्यावरून जादा पाणी ओसंडतं त्याची, लांबी 12 मीटर. रिपोर्टात रॅशनल पद्धत (पाऊस आणि क्षेत्रावरून पूर काढायची) वापरून अपवाह गुणांक, म्हणजे पावसातला वाहून येणारा हिस्सा, 0.4 आणि पावसाची तीव्रता तासाला 50 मिलीमीटर धरलेली दिसते. गुणांक गुणिले तीव्रता गुणिले हेक्टर, भागिले 360. विसर्ग येतो सेकंदाला साधारण 8.3 घनमीटर. हे आकडे कमी पावसाच्या मुलखातले. आपल्याकडे कातळावर, तेही जुलैत जमीन भिजून तुंबलेली असताना, 0.7 आणि 100 धरून बघा: 29 च्या वर जातो. पश्चिम घाटातल्या पाणलोटांवरून बसवलेलं इंग्लिसचं सूत्र लावा, म्हणजे 124 गुणिले चौरस किलोमीटरमधलं क्षेत्र, भागिले क्षेत्र अधिक 10.4 याचं वर्गमूळ. ते जवळपास 54 देतं. माझ्या मते इतक्या लहान पाणलोटाला इंग्लिस जरा जास्तच सांगतं, पण वरची मर्यादा म्हणून ते समोर असावं.

आता हे आकडे सांडव्यावर चढवा. रुंद माथ्याच्या सांडव्याला विसर्ग म्हणजे 1.7 गुणिले लांबी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात. 8.3 ला माथ्यावर 55 सेंटीमीटर पाणी चढतं, 29 ला सव्वा मीटरच्या वर, आणि 54 ला 1.9 मीटर. काठ माथ्यापासून मीटरभरच वर असेल तर पहिल्या आकड्याने बंधारा झकास पास होतो आणि दुसऱ्यालाच पाणी शेतात शिरून बाजूने वाट काढतं. आपल्याकडचे बंधारे मधून क्वचित फुटतात. पाणी कडेची माती खाऊन जातं आणि काँक्रीट पऱ्याच्या मधोमध शाबूत, कोरडं उभं राहतं.

तीन आकड्यांतला कुठला धरायचा, ते मघाची पूररेषा सांगते. त्या पातळीला पऱ्याचं छेदक्षेत्र काढा, पन्नास-शंभर मीटरवरून तळाचा उतार घ्या, मॅनिंगचं सूत्र (छेद, उतार आणि खडबडीतपणावरून प्रवाह काढायचं) लावा. येईल तो विसर्ग ज्याच्या जवळ जाईल, तो आकडा खरा मानायचा. सल्लागाराने हे केलं नसेल तर त्याच्याकडून करून घ्या, आणि स्वतःही कागदावर मांडा. तुमच्या हाताने केलेला हिशेब टिप्पणीला जोडलेला असला पाहिजे.

पायाबद्दल एकच गोष्ट, पण ती सोडू नका. जांभा वरून दगड दिसतो, आत भोकं असतात, आणि बऱ्याच ठिकाणी खाली मऊ पांढरट-पिवळी माती लागते. जांभा लागला म्हणून तिथेच पाया थांबवला तर डिसेंबरात बंधारा कोरडा, आणि खालच्या अंगाला झरे. चाचणी खड्डे किती घेतले, कुठे घेतले, फोटोत खड्ड्याचा तळ आणि मोजपट्टी दिसते का, ते बघा. दोन्ही काठांवर एकेक खड्डा हवाच, कारण काठात भिंत किती आत न्यायची हे त्यावरच ठरतं.

दर तपासणं सोपं आहे, दरसूची समोर ठेवायची. फक्त वाळू आणि खडीची वाहतूक किती अंतराची धरली, ते नकाशावर मोजा.

हरकती फोनवर सांगू नका. "पाहू, करतो" म्हणतात आणि दोघंही विसरतात. क्रमांक घालून लेखी शेरे काढा, उत्तर लेखी मागा, आणि बदललेल्या संकल्पचित्रावर नवी तारीख व सुधारणा क्रमांक आहे का ते बघा, नाहीतर ठेकेदाराच्या हातात जुनंच पान पडतं. गावाकडून आलेलं पत्र, मग ते वहीच्या पानावरचं असलं तरी, याच फायलीत लावा. 2 जुलै 2019 च्या रात्री तिवरे धरण फुटलं, त्याच्या आधी गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी केल्या होत्या. ग्रामपंचायतीच्या लोकांनीही हे लक्षात ठेवावं: माहिती अधिकारात नुसत्या कागदाच्या प्रती मिळतात असं नाही, कामाची पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. 2005 च्या कायद्यात कलम 2 मध्ये तसं लिहिलंय.

शेवटी सल्लागाराचा करारनामा काढून वाचा. ज्याने संकल्पन केलं त्याच्याकडेच त्रयस्थ तपासणी दिली असेल तर ती त्रयस्थ राहिली नाही. वरिष्ठांना तसं लिहून कळवा. पायाची खोदाई झाल्यावर सल्लागाराने जागेवर येऊन तळ पाहून सही करायची, अशी अट आहे का? फीचा शेवटचा हप्ता पहिल्या पावसाळ्यानंतरच्या पाहणीवर अडकवलाय का? नसेल तर पुढच्या कामाच्या मसुद्यात या दोन्ही अटी घालायचा प्रस्ताव आजच टाका. करार झाल्यावर त्या घालता येत नाहीत.