ॲसिडिटीची गोळी घ्यायच्या आधी पोटातलं अस्तर कसं सांभाळायचं
नाक शिंकरल्यावर बोटाला जे चिकट लागतं आणि ताणलं की तार धरतं ना, साधारण त्याच जातीचा थर जठराला आतून लागलेला असतो. किळस करू नका, सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, पण ते पाणी जेलीसारखं धरून ठेवतात ती म्युसिन नावाची प्रथिनं, त्यांच्या अंगावर साखरेच्या साखळ्या अशा उभ्या असतात की बाटली घासायचा ब्रश आठवावा. जठरातल्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) उपाशीपोटी १.५ ते ३.५ असतो, आणि मिलिमीटरभरसुद्धा जाड नसलेल्या या थराच्या खाली, पेशींपाशी, तोच पीएच जवळपास ७. कारण पेशी खालून बायकार्बोनेट (ॲसिड मारणारा क्षार) सोडत असतात, ते थरात अडकून राहतं आणि वरून झिरपणारं ॲसिड वाटेतच मरतं.

म्हणून जळजळ झाली की "ॲसिड जास्त झालं" एवढंच म्हणून गोळी टाकू नका, आधी जळतंय कुठे ते बघा.

छातीच्या मधोमध, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर जळतंय आणि घशाशी आंबट येतंय, तर बऱ्याचदा ॲसिड जास्त नसतं, ते चुकीच्या जागी आलेलं असतं. अन्ननलिकेला जठरासारखा जाड थर नाही, तिथे मुख्य आधार लाळेचा, आणि झोपेत लाळ फार कमी सुटते. तेव्हा जेवण आणि झोप यात ३ तास ठेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू १५-२० सेंटीमीटर उचला (नुसत्या उशा रचू नका, त्याने माणूस पोटात दुमडतो आणि दाब उलट वाढतो), आणि डाव्या कुशीवर झोपा, त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं.

आता माझा मूर्खपणा. दाढ ठणकत होती म्हणून रात्री पेनकिलर पाण्याशिवायच गिळली आणि लगेच आडवा झालो. पहाटे छातीत अशी कळ की थुंकी गिळवेना, गोळी वाटेतच चिकटून बसली होती. तेव्हापासून नियम एकच, कुठलीही गोळी ग्लासभर पाण्याबरोबर आणि पुढे अर्धा तास तरी बसून.

पण पेनकिलरचा खरा घोळ वेगळाच आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन ही मंडळी शरीरातली प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं अडवतात, दुखणं त्यानेच थांबतं, पण म्युकस (म्हणजे तोच चिकट थर) आणि बायकार्बोनेट बनवायचा निरोपही हीच प्रोस्टाग्लँडिन्स देतात. म्हणजे ॲसिड तेवढंच आणि अस्तर उघडं. आणि "जेवणानंतर घेतली की काही होत नाही" हे अर्धंच खरं, कारण हा परिणाम रक्तातून होतो, इंजेक्शन घेतलं तरी होतो. रोज घ्यावी लागत असेल, वय ६५ च्या पुढे असेल किंवा आधी अल्सर होऊन गेला असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा की सोबत संरक्षणाला काही द्यायचं का. पण हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका!

दुखणं पोटाच्या वरच्या भागात असेल आणि परत परत येत असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी तपासून घ्या. हा जंतू युरिया फोडून अमोनिया करतो, त्याने आजूबाजूचा जेल पातळ होतो आणि हा आरामात पोहत पेशींपर्यंत जातो. १९८४ मध्ये बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने हे जंतू स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली होती, २००५ मध्ये त्याला आणि त्याचा सहकारी रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल तर ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे आधी बंद लागतात (डॉक्टरांना विचारून), नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

याच ओमेप्राझोलसारख्या गोळ्या नेहमी घेत असाल तर वेळ पाळा, जेवणाआधी अर्धा ते एक तास, कारण ॲसिडचे पंप खाताना चालू होतात आणि गोळी चालू पंपच बंद करते. जळायला लागल्यावर घेऊन "लागूच पडत नाही" म्हणणारे खूप भेटतात, त्या घटकेला अँटासिड बरं. महिनोन्महिने घेऊन एकदम सोडली तर ॲसिड काही दिवस ते काही आठवडे उसळतं, त्याला जुना आजार परत आला समजू नका, डोस कसा उतरवायचा ते विचारा. सुक्राल्फेट या औषधाचं तंत्र निराळं, ते ॲसिडमध्ये चिकट होऊन जखमेवर बसतं, म्हणून उपाशीपोटी.

मोठ्या आतड्यातही म्युसिनचाच थर असतो, तिथे तो ॲसिडपेक्षा जंतूंना पेशींपासून लांब ठेवतो. उंदरांवरच्या प्रयोगात फायबर बंद केल्यावर जंतू तो थरच खायला लागलेले दिसले, तेव्हा भाज्या, डाळी, फळं सोडू नका.

गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी चिकट शी, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय बास, लगेच डॉक्टर. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल तर ॲसिडिटी म्हणून वाट बघत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा. आणि शी काळी झाली असेल आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही तिथे सांगा, त्यानेही रंग काळा होतो.