टेबलावरचे छोटे स्पीकर: आधी उंची बघा, मग वॅट

स्पीकर घेताना खोक्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांना भुलू नका. ‘पीएमपीओ’चा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, आकडा तर सोडूनच द्या, ‘आरएमएस’, म्हणजे सलग मिळणारी ताकद, बघा. हाताच्या अंतरावरून ऐकायचं असेल तर प्रत्येक स्पीकरला 10-15 वॅट आरएमएस पुष्कळ होतात.

खरा फरक पडतो तो मांडणीने, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. स्पीकर टेबलावर नुसता ठेवला की आवाज थेट कानाशी येतो आणि टेबलावर आपटूनही येतो. दोन्ही एकमेकांत मिसळतात, शब्द गढूळ होतात. म्हणून ट्वीटर (उंच सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या रेषेत आणा. स्टँड नसेल तर स्पीकरच्या पुढच्या कडेखाली जाड रबराचा तुकडा सरकवा, म्हणजे तोंड वर वळेल. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा साधारण समभुज त्रिकोण जमला पाहिजे. भिंतीला चिकटवू नका, बास (खर्जाचा आवाज) फुगतो. मागे पोर्ट (हवेसाठीचं भोक) असेल तर जास्तच.

स्वतः बनवणार असाल तर 3 इंची फुल-रेंज ड्रायव्हर (खर्ज ते उंच सूर, सगळं एकटाच वाजवणारा भाग) आणि बंद खोका ही सुरुवात उत्तम, कारण क्रॉसओव्हरची (वेगवेगळ्या ड्रायव्हरना सूर वाटून देणाऱ्या सर्किटची) गरज पडत नाही. सांधे मात्र हवाबंद हवेत. खर्जातला एखादा सूर वाजवून कडेकडेने बोट फिरवा. फुसफुस जाणवली तिथे फट आहे, गोंद भरा. एवढ्याशा ड्रायव्हरकडून छाती हादरवणाऱ्या बासची अपेक्षा ठेवू नका. तो हवाच असेल तर वेगळा सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) लागेल.